दिवे घाटाच्या पलीकडचा पाऊस

मुंबईकर वारकरी ओळखायचा असेल तर त्याची पिशवी उघडून बघावी. रेनकोट, छत्री, पायाच्या बोटांच्या बेचक्यात लावायची पावडर, मोबाइलला गुंडाळायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. आमच्या दिंडीतले निम्मेअधिक लोक भांडुप, विक्रोळी, लालबागचे. ज्येष्ठ-आषाढातला पाऊस म्हणजे रुळांवर पाणी आणि भिंतींना ओल, एवढंच आम्हाला ठाऊक. आळंदी ते पुणे ही सगळी तयारी कामाला आली. पालखीबरोबर आम्हीही भिजलो, मुक्कामाच्या शाळेत दोऱ्या बांधून धोतरं वाळत घातली, ती सकाळी ओलीच नेसली.

पुढे मात्र नकाशाच बदलतो. पंढरीची वाट म्हणजे सह्याद्रीकडे पाठ करून चालायची वाट. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढताना थंड होतो आणि जवळचं बहुतेक पाणी तिथेच रिकामं करतो. घाटमाथा ओलांडून तो देशावर उतरतो तेव्हा तापत, कोरडा होत उतरतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, लोणावळ्याला चार हजारांच्या पुढे, पुण्यात सातशेच्या आसपास आणि माण-खटावकडे जेमतेम पाचशे. हे आकडे शाळेत पाठ केले होते. पायांना ते कळले दिवे घाट चढल्यावर.

त्या दिवशीची चाल लांब, पुण्यातून थेट सासवड. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, टाळ-मृदंगाचा आवाज वळणावळणावर मागेपुढे होतो, आणि आपण ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणत नुसते ढकलले जातो. माथ्यावर थांबून मागे पाहिलं तर पुण्यावर काळं आभाळ. समोर सासवडच्या बाजूला ढग होते, पण पांढरे आणि घाईत असलेले. सासवड समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, पुण्याहून चांगलंच उंच. रात्री तळावर गारठा वाजला, पण अंग कोरडं होतं.

जेजुरी, वाल्हे करत पुढे गेलो तसा पावसाऐवजी वाराच सोबतीला आला. मुंबईत वारा पावसाच्या सरीबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. इथला पश्चिमेचा वारा दिवसभर पाठीवर असतो. पताका पुढे ताणलेल्या, बायांचे पदर पुढे उडालेले, भाकरीत कचकच. राहुटीच्या मेखा ठोकायला आम्हा मुंबईकरांना येत नाहीत हे उघड व्हायला एक रात्र पुरली. शेजारच्या दिंडीतले एक बाबा येऊन न बोलता सगळ्या मेखा उपटून वाऱ्याच्या बाजूला तिरक्या ठोकून गेले. अधूनमधून भुरभुर यायची, तीही कपाळ ओलं करण्यापुरती. रेनकोट बसायला अंथरायच्या कामी आले.

नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. नीरा भोरच्या डोंगरांतून येते. तिथला पाऊस भाटघर आणि वीर धरणांत साठतो आणि कालव्यांनी खाली येतो. त्यामुळे फलटण-माळशिरस भागात एकीकडे डोक्याएवढा ऊस आणि त्याच आभाळाखाली कालवा पोहोचत नाही तिथे नांगरून ठेवलेली, वाट बघणारी राने. पाऊस दोघांवरही पडलेला नव्हता.

फलटणच्या दक्षिणेला महादेवाचे डोंगर, त्यांच्या पलीकडे माण. तिकडच्या एक आजी बरडच्या मुक्कामाला आमच्या राहुटीशेजारी होत्या. वारीत पहिला प्रश्न नावाचा नसतो. ‘पेरणी झाली का?’ हा असतो. आमच्याकडे उत्तरच नव्हतं. आजी बसल्या जागी अंगठ्याने माती उकरत होत्या. एक पेर, दोन पेरं. मग चिमूटभर माती घेऊन दाबली, ती बोटांतून भुगा होऊन पडली.

“ओल न्हाई. मुंबईला लई पडतोय म्हनं, माउली?”

“हो आजी, गाड्या बंद आहेत.”

“मग थोडा धाडा की हिकडं.”

सगळे हसले, मीही हसलो. पण खोपोली आठवली. लोणावळ्याच्या डोंगरावर पडणारं पाणी उताराप्रमाणे पूर्वेला, इंद्रायणीतून भीमेकडे जायचं. तिथे धरणं बांधून ते बोगद्यांतून, नळांतून उलट कोकणात उतरवलं आणि 1915 पासून खोपोलीला त्यावर वीज होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो 1921 साली, तिथलं पाणीही भिऱ्याला असंच उतरतं. म्हणजे धाडायचं राहू द्या, आम्ही इकडचंच थोडं वळवून घेतलेलं आहे. आजींना हे सांगितलं नाही. तळावर, त्या वाऱ्यात, ते कसं सांगणार होतो?

पंढरपुरात चंद्रभागेला बऱ्यापैकी पाणी होतं. गावात पाऊस नव्हता, वाळवंटात धूळ उडत होती. नदी इथल्या आभाळावर चालतच नाही. मावळात पडलं की इंद्रायणी, मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत येतं, आणि वीरमधून सोडलेलं नीरेचं पाणी नरसिंहपूरला भीमेला मिळतं. कधी कधी लख्ख उन्हात पंढरपूरला पूर येतो तो यामुळेच. घाटावरचे कोळी वरच्या धरणांच्या बातम्या विचारत होते, आभाळाकडे कुणी पाहत नव्हतं.

दशमीला आजी पुन्हा भेटल्या, तुळशीचं रोप डोक्यावर तसंच. घरी फोन झाला होता. चार शिंतोडे पडले, बाजरी पेरायची का म्हणून मुलगा विचारत होता.

“मग काय सांगितलंत?”

“बाजरीचं ऱ्हाऊ दे म्हनलं. बी कशाला घालवायचं. परतीचा पडंल, मंग हस्तावर शाळू घालू.” आणि डोक्यावरचं वृंदावन सावरत विचारलं, “तुमच्या गाड्या चालू झाल्या का?”