पाहुण्यांनी बोलायचं नसतं

हार्वर्ड बिझनेस स्कूल नदीच्या अलीकडे आहे, हे मला नदीपलीकडे पोचल्यावर कळलं. बॉस्टनजवळच्या क्विन्सीहून रेड लाइन मेट्रोने हार्वर्ड स्क्वेअरला उतरले, गर्दीमागोमाग लाल विटांच्या त्या सुप्रसिद्ध आवारात शिरले आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं. त्याने नुसतं मागे बोट दाखवलं. विद्यापीठाचा जुना भाग केंब्रिजमध्ये, बिझनेस स्कूल चार्ल्स नदीच्या या बाजूला, बॉस्टनच्या हद्दीत. ट्रेनने ओलांडलेली नदी आता चालत परत ओलांडायची. फेब्रुवारी, नदी गोठलेली, वीक्स फुटब्रिजवर वारा असा की कानाला बांधलेला मफलर नावापुरताच उरला. नकाशा आदल्या रात्री बघायचा असतो, हे चाकणला तीन वर्षं प्लॅनिंगमध्ये काढलेल्या बाईला कुणी सांगायचं!

आवार देखणं आहे, त्यावर फार लिहीत नाही. फोटो आई-बाबांच्या ग्रुपवर टाकलेत. बाबांना फक्त टाटा हॉलचा हवा होता. टाटा समूहाने दिलेल्या ५ कोटी डॉलरच्या देणगीतून बांधलेली ही काचेची वळणदार इमारत २०१३ मध्ये उघडली. रतन टाटा १९७५ साली इथेच कोर्सला आले होते. शिवाय २०२१ साली इथले डीन झालेले श्रीकांत दातार मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. त्यावर आईचं उत्तर : "मग तुला घेतील की!" आईच्या हिशेबाने दातार म्हणजे घरचेच.

मला खरं तर इथला एमबीएचा वर्ग बघायचा होता. नव्वदेक मुलं, घोड्याच्या नालेसारखी चढत्या पायऱ्यांवर बसलेली, प्रत्येकापुढे जाड अक्षरात नावाची पाटी. सगळ्यात वरच्या रांगेला इथे 'स्कायडेक' म्हणतात. आपल्याकडचा लास्ट बेंच, फक्त नाव भारी. आम्हां पाहुण्यांची ओळख करून दिली, टाळ्या वाजल्या, आणि पुढची ८० मिनिटं गप्प बसायचं.

इथे लेक्चर नसतं. आदल्या रात्री प्रत्येकाने एक केस, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण आकड्यांसकट, वाचून यायची. दोन वर्षांत अशा सुमारे ५०० केस होतात. (मुंबईच्या डबेवाल्यांवरही इथे २०१० मध्ये केस लिहिली गेली.) बाई आल्या, ना 'गुड मॉर्निंग', ना प्रस्तावना. थेट एका मुलाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, सुरू कर. याला 'कोल्ड कॉल' म्हणतात. माझ्याच पोटात गोळा आला.

केस एका कारखान्याची होती, माल वेळेवर निघत नव्हता. मुलगा म्हणाला, असेंब्लीला माणसं वाढवा. दुसरी म्हणाली, दुसरी शिफ्ट लावा, तीही असेंब्लीलाच. हात वर जात होते, मुलं एकमेकांना खोडत होती, बाई फळ्यावर सगळं टिपत होत्या. आणि समोरच्या तक्त्यात स्पष्ट दिसत होतं की सगळ्यात जास्त वेळ पेंटच्या भट्टीत जातोय. भट्टीतून तासाला जेवढा माल बाहेर पडतो त्याहून जास्त असेंब्लीला मिळणारच नाही, मग तिथे माणसं वाढवून ती काय एकमेकांची तोंडं बघणार? चाकणला आमच्या सुपरवायझर काकांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. पंचवीस मिनिटं मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

गंमत म्हणजे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी. चुकलं तर? इथे पहिल्या वर्षाच्या बऱ्याच विषयांत निम्मे मार्क वर्गात बोलण्याचे असतात. फी वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर, तीही राहणं-खाणं सोडून, ती चिंता आहेच. पण परतीच्या ट्रेनमध्ये मी हिशेब करत होते तो हाताचा. नव्वदजणांत, अर्धवट खात्री असताना, तो वर जाईल का?

त्याआधी स्पँगलर सेंटरमध्ये आम्हांला वर्गात नेणाऱ्या मुलीबरोबर जेवायला बसले. तिने सहज विचारलं, कसा वाटला वर्ग? मी पेपर नॅपकिनवर भट्टी काढली, असेंब्ली काढली, मध्ये बाण काढले. ती म्हणाली, मी बोलले होते ना, दुसऱ्या शिफ्टचं, ती मीच. मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि नॅपकिनवर विचारलं, भट्टीलाच दुसरी शिफ्ट लावली तर?

माझं सूप तोवर पार गार झालं होतं.