आमची वाटचाल : पंचवीसची पिन आणि तिची पंधरा मापं

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि गंगापूर तालुक्यातली कितीतरी शेतकऱ्यांची पोरं लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) उभी राहिली. माझे वडील त्यातलेच एक. मी आयटीआय करून त्यांच्याच वाटेने गेलो. पुढे आम्ही बापलेकांनी मिळून वाळूज एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला, त्यात एक जुना लेथ टाकला. आज चार सीएनसी (कंप्युटरवर चालणारी मशीनं), एक सेंटरलेस ग्राइंडर (गोल पीस टोकांना न पकडता घासणारं मशीन) आणि सतरा माणसं आहेत. मधली वर्षं बँकेचे हप्ते, गेलेली लाइट आणि अडकलेलं पेमेंट यांत गेली. ते इथल्या गाळेवाल्यांना मी वेगळं सांगायला नको. क्वालिटीचं, म्हणजे मापं नोंदवून माल मर्यादेत आहे का ते दाखवणारं, सॉफ्टवेअर कसं बसवलं ते मात्र सविस्तर लिहितो. त्यात आम्ही जिथे चुकलो ते आधी कुणी सांगितलं असतं, तर आमचा एक आख्खा लॉट परत आला नसता.

आधी सगळं रजिस्टरवर चालायचं. माल गाडीत चढत असताना इन्स्पेक्शन रिपोर्ट भरला जायचा. एकदा ग्राहकाच्या ऑडिटरने पानं उलटली. २४.९९४, २४.९९४, २४.९९४. "हे मोजलेले आकडे नाहीत, लिहिलेले आहेत," एवढंच ते बोलले. खरं होतं, म्हणून फार लागलं. २५ मिलिमीटरच्या पिनचा सीपीके (माल मर्यादेच्या आत किती सुरक्षित बसतो ते सांगणारा आकडा) किमान १.३३ हवा, आणि तोही दर तासाला पाच पीस खरोखर मोजून काढलेला, असं त्यांनी सांगितलं.

मग सॉफ्टवेअर घेतलं. त्यात आधी पार्ट मास्टर भरायचा असतो: पार्ट नंबर, नाव, ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती. मग त्या पार्टखाली एकेक माप: मूळ माप, वरची मर्यादा, खालची मर्यादा, दशांशाची घरं, कोणत्या गेजने मोजायचं, किती पीस, किती वेळाने. हे काम मी कंप्युटर येणाऱ्या एका मुलाला दिलं. त्याने तीन दिवसांत चाळीस पार्ट भरले आणि मी निश्चिंत झालो. इथेच चुकलो. मुलगा मेहनती होता, पण ड्रॉइंग वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते काम माझं होतं.

ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं २५ एच६, त्यातला एच लहान लिपीतला. लहान एच म्हणजे शाफ्ट, भोकात बसणारा दांडा: वरची मर्यादा २५.०००, खालची २४.९८७. सगळी तेरा माइक्रॉनची (माइक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, खालच्या बाजूला. मुलाने सुटीच्या तक्त्यात तेरा माइक्रॉन पाहिले आणि अधिक-उणे तेरा भरले. त्यामुळे २५.००८ ची पिनसुद्धा स्क्रीनवर हिरवी. ऑपरेटरला हिरवं दिसलं, त्याने ऑफसेटला (मशीनवरच्या माप-दुरुस्तीला) हात लावला नाही. दोन शिफ्टचा माल गेला आणि परत आला; समोरच्या बुशचा (पिन जिच्यात बसते त्या नळीचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, २५.००० पासून सुरू होत होता, त्यातल्या बऱ्याच बुशांत आमची पिन शिरेना. ऑपरेटरला कुणी बोलायचं नाही, असं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्यानंतर मास्टर भरायला मशीन लावून देणाऱ्या आमच्या सेटर मामांना बसवलं. मामांनी कधी माउस धरला नव्हता, म्हणून क्वालिटीच्या ताई टाइप करायच्या आणि मामा ड्रॉइंगवर पेन्सिलीने प्रत्येक मापाभोवती गोल काढून नंबर द्यायचे. आमच्या पिनला असे चौदा गोल झाले. तोच नंबर सॉफ्टवेअरमध्ये. आता वाद झाला की "सात नंबरचं माप" म्हटलं तरी पुरतं.

रनआउटचा घोळ मामांनीच पकडला. रनआउट, म्हणजे पीस फिरवताना डायलचा काटा किती हलतो ते, ०.०२० पेक्षा जास्त नको, एवढंच ड्रॉइंग म्हणतं. मास्टरमध्ये खालच्या मर्यादेच्या चौकटीत शून्य भरलेलं होतं. आमचा सरासरी रनआउट ०.००६, सिग्मा (आकड्यांचा पसारा) ०.००२, म्हणजे माल उत्तम. तरी सीपीके १.०० आणि पट्टी लाल. मामा म्हणाले, "पीस चांगला हाय, अन् लाल कशाला दाखवायलंय?" कारण ताईंनी कागदावर मांडून दाखवलं. सॉफ्टवेअर शून्याला भिंत समजत होतं, त्यामुळे पीस जितका चांगला, तितका तो भिंतीजवळ. खालची चौकट रिकामी ठेवून माप एकतर्फी केलं आणि तोच डेटा २.३३ वर गेला. शून्य भरणं आणि रिकामं सोडणं यात एवढा फरक असतो.

गेजचंही तसंच. तेरा माइक्रॉनच्या सुटीला ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक न दाखवणारा) व्हर्नियर लावून उपयोग नाही. सुटीचा दहावा भाग तरी दिसायला हवा. म्हणून पिनच्या व्यासासमोर आम्ही एक माइक्रॉन दाखवणारा डायल कम्पॅरेटर (प्रमाण नगाशी फरक दाखवणारं गेज) बांधून टाकला, दुसरं काही निवडताच येत नाही.

आमच्याकडचा उन्हाळा हा वेगळा विषय. मापं २० अंश सेल्सियसला धरलेली असतात आणि एप्रिल-मेमध्ये गाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्टील मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा माइक्रॉन वाढतं. मशीनवरून उतरलेला पीस सेटिंग मास्टरपेक्षा (ज्याच्यावर गेज लावतात त्या प्रमाण नगापेक्षा) वीस अंश गरम असला, तर २५ मिलिमीटरच्या पिनमध्ये जवळजवळ सहा माइक्रॉन वाढ, म्हणजे अर्धी सूट गेलीच. आता पीस आणि सेटिंग मास्टर एकाच ग्रॅनाइटवर शेजारी-शेजारी ठेवायचे, दोन्ही सारखे निवेपर्यंत मोजायचं नाही. त्या मापाच्या सूचनेत हे लिहिलेलं आहे आणि ती वाचल्याशिवाय पुढची चौकट उघडत नाही.

उत्साहात आम्ही चौदाही मापं दर तासाला लावली होती. आठवडाभरात रजिस्टरचा जुना रोग परत आला, सगळे आकडे सारखेच. तासाला पाच पिसांची सत्तर वाचनं मशीन चालवता चालवता कुणी कशी घेणार? आता दर तासाच्या चार्टवर तीनच मापं आहेत. बाकीची फर्स्ट पीसला आणि सेटिंग बदलल्यावर. तीन मापांची खरी वाचनं मला सत्तर भरलेल्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटतात. रिव्हिजन बदलली की जुना पार्ट बंद करून नवा उघडतो, जुन्यावर आकडे खोडत बसत नाही.

आणि पंधरावं माप. काही पिना व्यासात पास व्हायच्या, चार्टवर हिरव्या, तरी बुशमध्ये अडकायच्या. मामांनी एक पिन साठ अंशाच्या व्ही-ब्लॉकवर (व्हीच्या आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर) ठेवून डायलखाली सावकाश फिरवली. काटा एका फेरीत तीनदा वर-खाली झाला. सेंटरलेसवर पिन कधीकधी तीन कोनांची होते, आणि समोरासमोरच्या दोन टोकांनी मोजणाऱ्या मायक्रोमीटरला ते दिसत नाही, कुठेही धरा, व्यास तोच येतो. ड्रॉइंगवर या मापाला गोल नव्हता. ताईंनी पेन्सिल मामांच्या हातात दिली. त्यांनी समासात गोल काढला, आत १५ लिहिलं, आणि शेजारी लिहिलं : व्ही-ब्लॉक, दर दोन तासांनी, एक पीस.