आधी हुक बघा, मग ट्रेलर

अमेरिकेत ओहायोला राहायला गेल्यापासून माझे फोटो बघून मुंबईच्या मंडळींना एकच प्रश्न पडतो: "अगं, चालती गाडी ट्रेलरवर चढवून कशाला नेतेस? चालवत ने की!" प्रश्न रास्त आहे. प्रभादेवीत वाढलेल्या माणसाने पाहिलेला ट्रेलर म्हणजे जेएनपीटीकडे जाणारा कंटेनरचा, नाहीतर चाकणहून नव्याकोऱ्या गाड्या भरून आलेला. घरच्या गाडीमागे दुसरी गाडी लादून स्वतःच हाकत न्यायची, हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. गाडी बंद पडली तर टोचन लावायचं, नाहीतर फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याला, फोन करायचा. विषय संपला.

तिकडे शनिवार-रविवारी लोक आपापल्या गाड्या रेसट्रॅकवर पळवायला नेतात. लेक्सिंग्टन गावाजवळ मिड-ओहायो नावाचा ट्रॅक आहे, १९६२ सालचा. पैसे भरा, गाडी तपासून घ्या, हेल्मेट चढवा आणि चालवा. माझ्याकडे एक जुनी माझदा मियाटा आहे, दोन सीटांची, टपावर कापड असलेली. दिवसभर पिळून काढल्यावर तिचा क्लच गेला किंवा ब्रेकपॅड पार लोखंडाला टेकले, तर तिच्यातूनच घरी कसं यायचं? शिवाय ट्रॅकचे टायर वेगळे, जॅक वेगळा, अवजारांची पेटी. त्या डिकीत आमच्या आईची एक पिशवीसुद्धा धड मावत नाही. म्हणून ट्रेलर.

यंदा सुट्टीला आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "केवढ्याला पडला?" दुसरा प्रश्न, "लांब किती?" मुद्द्याचं विचारलं ते फक्त माझ्या मामेभावाने. दादाचं वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ टोइंगचं काम आहे, स्वतःचे फ्लॅटबेड आहेत. चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवत तो म्हणाला, "ते सगळं राहू दे. हुकवर किती येतं?"

हुक म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायची जागा, आणि तिथे ट्रेलरचा किती भार पडतो ते तो विचारत होता. ट्रेलर निवडायचा तो इथून. म्हणून आकडेच सांगते.

माझी मियाटा साधारण १,०९० किलो. टायर, जॅक, अवजारं मिळून आणखी १४० धरा. तिकडे सर्रास मिळणारा ट्रेलर म्हणजे स्टीलचा, १८ फुटी, दोन धुरांचा, वर लाकडी फळ्या आणि चारी बाजूंनी उघडा. तो रिकामाच ९०० किलोच्या आसपास भरतो. एकूण झाले २,१३०. ओढायला आमची घरची एसयूव्ही, तिच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे २,२७० किलो. वरवर बघता आरामात बसतंय. विकणारा तर लगेच पावती फाडायला तयार होता.

पण त्याच पुस्तकात, त्याच पानावर खाली आणखी एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही. हुकच्या गोळ्यावर सरळ खाली पडणारा भार ५०० पौंडांच्या, म्हणजे २२७ किलोंच्या वर जाता कामा नये. मग हा भार शून्यच का ठेवू नये? कारण ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढे हुकवर असावाच लागतो. तो कमी पडला, म्हणजे माल मागे जड झाला, की हायवेवर वेग धरताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एकदा हलला की झोके वाढत जातात आणि पुढच्या गाडीलाही सोबत घेऊन जातात. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमका तोच दाबायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. त्यासाठी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो.

आता गणित करा. २,१३० किलोंचे दहा टक्के २१३. माझी वरची हद्द २२७. म्हणजे मला मोकळीक किती? चौदा किलो! अवजारांची पेटी पुढे सरकवली की संपली. पंधरा टक्क्यांचा तर विचारच नको, ते ३२० होतात.

म्हणून मी ॲल्युमिनियमचा घेतला. तो रिकामा ६८० किलो. एकूण १,९१०, त्याचे दहा टक्के १९१. चौदाचे छत्तीस झाले. स्टीलपेक्षा किंमत दीडपटीच्या पुढे गेली, आणि घरात त्यावर थोडी भाषणबाजी झाली, ती इथे देत नाही. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यात स्टीलला गंज चढतो तसा ॲल्युमिनियमला चढत नाही, हा फायदा खराच. पण तो वरचा. माझं कारण ते छत्तीस किलो.

दादाला हे फार आवडलं. लगेच म्हणाला, "मग गाडी मागेपुढे केलीस तर?" बरोबर तिथेच खरी गंमत आहे. व्हीजेटीआयमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तरफेची गणितं सोडवली ती अशी कामाला येतील असं वाटलं नव्हतं. हुकपासून दोन धुरांच्या मध्यापर्यंत अंतर १४ फूट धरलं, तर १,०९० किलोंची गाडी पाट्यावर, म्हणजे ट्रेलरच्या फळ्यांच्या तळावर, अर्धा फूट पुढे सरकवताच हुकवर ३९ किलो वाढतात. माझी सगळी मोकळीक छत्तीस. म्हणजे गाडी उभी करण्यात साधारण साडेपाच इंचांचा खेळ, त्यापलीकडे नाही. तिकडच्या ट्रक स्टॉपवर पैसे भरून वजन करून देणारे काटे असतात. तिथे ट्रेलर जोडून आणि सोडून वजनं घेतली, आणि पाट्यावर पुढचं चाक जिथे थांबायला हवं तिथे पिवळ्या रंगाची रेघ मारून पुढे अडसर बसवला. आता चाक अडसराला टेकलं की झालं.

ट्रेलरवर ठोकलेल्या पत्र्याचंही सांगते, कारण तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. त्यावर ७,००० पौंड लिहिलेलं असतं. ते काही वर लादायचं वजन नव्हे. ट्रेलर धरून एकूण वजन ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो. माझ्या ट्रेलरचे ६८० वजा केले की वर लादायला उरले सुमारे २,४९५. स्टीलवाल्याला त्याहून कमी उरतात. मियाटाला हे रग्गड झालं, पण कोणाला आजकालची मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही न्यायची असेल तर बॅटरीसकट ती अडीच टनांच्या घरात जाऊ शकते, आणि मग हा ट्रेलर त्याच्या कामाचा नाही. त्याने १०,००० पौंडांचा बघावा आणि त्याआधी ओढायला पिकअप घ्यावा. घरच्या एसयूव्हीला मोठा ट्रेलर लावून "हळू चालवीन" म्हणणारे तिकडेही भेटतात. हुकला ते कळत नाही.

बंदिस्त ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोलीच, दिसायला राजेशाही. पण रिकामाच दीड टनाच्या आसपास, वर समोरून वारा अडवतो. लाखमोलाची जुनी गाडी असेल तर घ्यावा. पुढची दोनच चाकं उचलणारी डॉलीही मिळते, स्वस्त पडते. पण मियाटाची ताकद मागच्या चाकांना असते, म्हणजे प्रत्येक वेळी प्रोपेलर शाफ्ट सोडवा. शिवाय डॉली लावून रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य. नको.

खोलात जायचं तर दरवाजाबद्दल बोलायला हवं. ट्रेलरच्या दोन मडगार्डांच्या मधली रुंदी साधारण ८२ इंच असते. मियाटासारखी बुटकी गाडी वर चढवली की तिचा दरवाजा नेमका मडगार्डला आपटतो. उघडतो चार बोटं. मग आत बसलेल्या माणसाने काय करायचं? टप खाली करून वरून बाहेर यायचं, सहाच्या विरार लोकलमधून दादरला उतरल्यासारखं. हे हौसेने एकदा ठीक आहे. मी डावं मडगार्ड काढता येईल असाच ट्रेलर शोधला. दोन पिना ओढल्या की मडगार्ड हातात, गाडी चढवली, दार उघडून माणसासारखं उतरलं, पुन्हा पिना घातल्या. शोरूममध्ये लांबी-रुंदी मोजत बसलेल्यांना हे सुचत नाही, कारण तिथे ट्रेलर रिकामा असतो.

मागच्या टोकाला पाटा थोडा उतरता हवा. तसा नसेल तर मागे लावलेल्या चढायच्या फळ्यांवरून चढताना बुटक्या गाडीचं पोट मधेच टेकतं. तिरपा होणारा ट्रेलरही येतो, त्याला वेगळ्या फळ्या लागत नाहीत, पण वजन वाढतं. पुन्हा तेच छत्तीस किलो.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. तिकडे बहुतेक राज्यांत ठरावीक वजनावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. माझ्या ट्रेलरच्या दोन्ही धुरांवर इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. त्याशिवाय एक बारीक तार गाडीला अडकवलेली असते. हुक सुटून ट्रेलर वेगळा झालाच तर ती तार खेचली जाते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. दोन साखळ्या लावायच्या त्याही ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून फुलीसारख्या. कपलर, म्हणजे हुकच्या गोळ्यावर बसणारं दांड्याचं टोक, निसटला तर दांडा त्या फुलीत झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही.

दादाच्या फ्लॅटबेडवर त्या दिवशी एक होंडा सिटी चढत होती, पुढचं चाक आत वळलेली. त्याचा पोऱ्या पाट्यावर उताणा पडून बेल्टचा हूक गाडीखाली लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यात, अडकवत होता. मी तिकडची पद्धत सांगितली: बेल्ट टायरवरून घ्यायचा, चारी चाकांना चार, आणि पाट्याच्या कड्यांना आवळायचा. गाडीची बॉडी बांधली तर खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, बेल्ट ढिला पडतो, पुन्हा वर येताना हिसका बसतो. टायर बांधला तर चाक पाट्याला चिकटून राहतं आणि बॉडी हवी तेवढी डोलते. दादाने मान डोलावली नाही. "पावसाळ्यात ये," म्हणाला. "टायर ओला, बेल्ट ओला, वर चिखल. सायन-पनवेलवर दोन खड्ड्यांत बेल्ट बाजूला सरकतो. आणि हे चाकच तुटलंय, कशाला बांधू?" त्याचं खरं होतं. तुटलेल्या चाकाला बांधून उपयोग नाही. पण बाकीच्या तीन चाकांना त्याने माझ्यासमोर दोराने तसा वेढा देऊन बघितला, हाताने हलवून बघितला, आणि पोऱ्याला म्हणाला, "हे बघून ठेव."

बेल्टवर वजनाचे दोन आकडे असतात, त्यातला छोटा आपला. १०,००० पौंडांना तुटणाऱ्या बेल्टवर कामाची मर्यादा ३,३३३ लिहिलेली असते, तिसरा हिस्सा. दुकानदार मोठा आकडा दाखवतो.

जुना ट्रेलर घेणार असाल तर रंग बघू नका, टायरच्या कडेला छापलेले शेवटचे चार आकडे बघा. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले कित्येक महिने उभाच असतो. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हात मेलेलं असतं. चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, आणि फळीला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर लाकूड कुजलंय. नवा घेतलात तरी पहिल्या पन्नास मैलांनी थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे असतात.

राहिली पार्किंगची गोष्ट. "तिकडे काय, जागाच जागा!" असं इथे सगळ्यांना वाटतं. आमच्या कॉलनीतही सोसायटी आहे, तिचे नियम आहेत, आणि घरासमोर ट्रेलर उभा दिसला की पत्र येतं. त्यामुळे माझा ट्रेलर महिन्याच्या भाड्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या आवारात उभा असतो. प्रभादेवीच्या आमच्या सेक्रेटरीकाकांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा फार समाधानी झाला.

मुंबईत हे चालेल का, असंही विचारून झालं. दादाच्या एका गिऱ्हाइकाला आपली जुनी पद्मिनी चिपळूणला गावच्या घरी नेऊन ठेवायची आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगीतल्या मात्र लोकांनी जपून ठेवल्यात. ती असते नऊशे किलोंच्या आसपास, माझ्या मियाटापेक्षा हलकी. मी मनातल्या मनात तिच्यासाठी ट्रेलर जुळवायला घेतलाही होता. दादाने हिशोब एका वाक्यात मिटवला: ट्रेलर वर्षातून दोनदा लागणार, उभा करायचा कुठे, आणि घाटात रिव्हर्स कोण घेणार? पद्मिनी फ्लॅटबेडवरूनच जाईल.

"ट्रेलर तुझा तुला," तो म्हणाला, "ते टायरवरचे बेल्ट मात्र पुढच्या खेपेला आण. दोन सेट." एक सेट म्हणजे चार बेल्ट, आवळायच्या रॅचेटसकट सहज आठ-दहा किलो. बॅग तेवीस किलोंची. आईची बदामांची यादी आधीच आलेली आहे.