ई-क्लासवरचं बी

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा-घाडगेकडच्या एका गावातून फोन आला, "मॅडम, तुमचा स्टायलो सारा जळला जी."

दोन वर्षांपूर्वी तिथल्या ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराई जमिनीवर, आम्ही पवन्या गवतासोबत स्टायलो पेरला होता. हा द्विदल चारा इकडच्या गौळाऊ जातीची जनावरं आवडीनं खातात. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस झाला, झाडांचं खाली पडलेलं बी उगवलं आणि मागून 45 अंशांचं ऊन. दोन पानांची रोपं चिमटीत तंबाखूसारखी चुरत होती. फेरपेरणीचा प्रस्ताव मी मनात लिहूनच टाकला.

तरी नमुने घेतले. फूटभर चौकट, दोन इंच माती, चाळणी. पहिल्यात नुसता मुरूम. दुसरी चौकट नेमकी मुंग्यांच्या बिळाशेजारी, तिथे टरफलंच. तिसऱ्या चाळणीत मात्र पिवळसर, तिळाहून बारीक 29 दाणे! नखाखाली दाबले, 6 फुटले, 23 खड्यासारखे.

या बियांचं कवच पाणी आत घेत नाही. उन्हाळाभर रोज तापून त्याच्या एका कच्च्या जागी फट पडते, तेव्हा कुठे बी फुगतं. वरचं बी जास्त तापतं, म्हणून आधी उगवतं आणि अवकाळीत फसतं. खालचं टणकच राहतं. पेरताना हेच काम आपण 80 अंशांच्या पाण्यात चार मिनिटांत उरकतो. आम्ही तर तेव्हा सगळंच बी बुडवलं होतं. थोडं तसंच फेकायला हवं होतं, हे आता कळतंय.

गावची गुरं राखणारे गायकी काका शेजारी बसून बघत होते. त्यांनी वाळलेला शेणाचा पो उचलून हातावर चुरला आणि त्यातला दाणा पुढे धरला. "याले तं गाय बी पचवत नाई."

पण टणक म्हणजे जिवंतच, असं नाही. घरी नेऊन 10 दाण्यांची कड नेलकटरनं किंचित उडवली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. सकाळी 8 फुगलेले, तिसऱ्या दिवशी 7 दाण्यांना कोंब.

प्रस्ताव पाठवला नाही. पाऊस लागल्यावर दोन महिने चराई बंद ठेवा, एवढंच ग्रामपंचायतीला लिहून दिलं. काकांना ते मुळीच आवडलं नाही. "मंग ढोरं काय तुमच्या हापिसात बांधू?" म्हणाले.