लोग्रोन्यो आणि कपडे घातलेली बेडकं

खरं सांगायचं तर पाम्प्लोनाहून बसने स्पेनमधल्या लोग्रोन्योला आले ती खायला. काये लाउरेल या चिंचोळ्या गल्लीत दोन्ही बाजूंना बार खेटून उभे आहेत. एका ठिकाणी अळिंबीवर सगळा भर: भाजलेल्या तीन अळिंब्या एकावर एक, वर छोटी कोळंबी, खाली पाव, सगळं एका काडीत ओवलेलं. चावलं की लसणाचं तेल थेट कोपरापर्यंत ओघळतं.

पोट भरल्यावर सान्तियागोच्या चर्चपाशी गेले. समोरच्या चौकात फरशीवर आपल्या सापशिडीच्या नात्यातला एक खेळ आखलाय, घराघरांत हंस. पोरं उड्या मारत होती, पाठीवर बोजा घेतलेले यात्रेकरू पाय मोकळे करत होते.

याच शहरात ७ आणि ८ नोव्हेंबर १६१० ला इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचा, जाहीर निवाडा झाला. बघायला हजारोंची गर्दी. चेटूक केल्याच्या आरोपाखाली सहा जणांना जाळलं. पाच जण तुरुंगातच मेले होते, त्यांचे पुतळे आणि उकरून काढलेली हाडं जाळली. बरेचसे आरोपी फ्रान्सच्या सीमेजवळच्या सुगारामुर्दी गावाच्या परिसरातले, बास्क बोलणारे. चौकशी करणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती, सगळं दुभाष्यामार्फत! फ्रान्सहून गावी परतलेल्या एका तरुणीने शेजाऱ्यांची नावं घेतली आणि आग पसरली. जबान्यांमध्ये काय नाही? कपडे घातलेली बेडकं, आणि काठी घेऊन ती राखणारी मुलं. चेटकिणींच्या मेळाव्याला म्हणायचे ‘आकेलारे’, म्हणजे बोकडाचं कुरण.

निवाडा देणाऱ्या तिघांपैकी एक आलोन्सो दे सालासार फ्रियास. बाकी दोघांइतकी त्याची खात्री पटलेली नव्हती, पण त्या शिक्षांवर त्याचीही सही आहे. हे विसरून त्याला थेट देवमाणूस करून टाकणारे लोक मला पटत नाहीत. मात्र पुढच्याच वर्षी तो माफीचं फर्मान घेऊन डोंगरातली गावं फिरला. १,८०२ जणांनी कबुली दिली, त्यात १,३८४ मुलं! सालासार बसून एकेक गोष्ट पडताळत गेला. अमक्या रात्री अमुक माळावर मेळावा भरला म्हणता? त्या रात्री त्याचे कारकून तिथेच होते, त्यांना काही दिसलं नाही. उडण्याचा लेप म्हणता? जनावरांना देऊन पाहिला, काही झालं नाही. शेवटी त्याने वरिष्ठांना कळवलं की या गोष्टींबद्दल बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या, ना कुणावर करणी झालेली. १६१४ मध्ये वरिष्ठ मंडळाने नवे, कडक नियम काढले. पुढे स्पॅनिश इन्क्विझिशनने चेटकासाठी जाळणं जवळजवळ थांबवलं.

ज्यू आणि मुसलमान वंशाच्या ख्रिश्चनांना मात्र अशी पडताळणी वाट्याला आली नाही. पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन आपल्या गोव्यात १५६० ला आलं, मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. दोषी ठरवलेल्यांना घालायचा तो ‘सांबेनितो’ झगा तिथेही होता.

संध्याकाळी एब्रो नदीवरच्या दगडी पुलापर्यंत गेले, पण वाऱ्याने पळवून लावलं. परत त्याच गल्लीत. बारवाल्याने चेहरा ओळखला, न विचारता अळिंबीची काडी पुढे सरकवली आणि यावेळी सोबत चार कागदी रुमाल ठेवले.