गेंड्यांच्या गावात बेचाळीस किलोमीटर

आधी पळायचं की आधी प्राणी बघायचे, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालली होती. केनियातल्या लेवा वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी या वन्यजीवांच्या संरक्षित क्षेत्रात दरवर्षी जूनच्या अखेरीस मॅरेथॉन होते. रस्त्याच्या कडेला कुंपण नाही, आणि ज्या माळावर गेंडे, हत्ती, सिंह राहतात त्याच माळावरून माणसं पळतात. सहा-सात वर्षांपूर्वी याबद्दल वाचलं तेव्हापासून ते डोक्यात होतं. पन्नाशीच्या आत एकदा तिथे पळायचं असं ठरवलं होतं, आणि या वेळी नवरा म्हणाला, "तू पळ, मी फोटो काढतो, पण मला सिंह दाखवायचा." तिथून तयारी सुरू झाली.

एका प्रवास कंपनीने जो कार्यक्रम पाठवला त्यात शर्यतीआधी तीन दिवस मसाई मारा अभयारण्य घातलं होतं. मी नको म्हटलं. मारा केनियाच्या नैऋत्य टोकाला आणि लेवा उत्तरेला, म्हणजे दिवसच्या दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. शिवाय सफारीत पहाटे पाचला उठायचं आणि तासन्‌तास बसून राहायचं. त्यानंतर बेचाळीस किलोमीटर पळणं म्हणजे पायांवर अन्याय. विल्डबीस्ट या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांचे मोठे कळपही साधारण जुलै-ऑगस्टमध्ये माऱ्यात पोचतात. शेवटी आम्हीच क्रम लावला: आधी नान्युकी गाव आणि जवळचं ओल पेजेटा अभयारण्य, मग लेवाची शर्यत, मग सांबुरू अभयारण्य. तिन्ही ठिकाणं एका सरळ वाटेवर आहेत. "मारा नाही बघितलं?" असं परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं. नाही बघितलं, आणि मला त्याची खंत नाही.

आधी थोडी तयारीची माहिती देते, कारण मला ती तुकड्या-तुकड्यांत शोधावी लागली. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊच नका, २०१७ पासून तिथे त्यांच्यावर कडक बंदी आहे. मी शेंगदाण्याची चिक्की आणि खजुराचे लाडू स्टीलच्या डब्यात नेले, बुटांसाठी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या.

सराव यवतेश्वर घाटात झाला. साताऱ्यात राहणाऱ्याला चढाची भीती नसते, असं मी समजत होते. पण सातारा सातशे-साडेसातशे मीटरवर आहे आणि लेवा सुमारे १,७०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर. तिथे श्वासात येणारा प्राणवायू कमी पडतो आणि नेहमीच्या वेगाला दम लागतो. म्हणून चार दिवस आधी पोचलो. शेवटचे दोन महिने डांबरी रस्ता सोडून कासच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर पळाले, कारण लेवाचा सगळा मार्ग मातीचा आहे. तिकडे अशा रस्त्याला 'मरम' म्हणतात. हा आपला मुरूमच, शब्द इथून तिकडे गेलेला. 'सफारी' हा स्वाहिली शब्द मात्र अरबीतून आलेला, म्हणजे आपल्या 'सफरी'चा सख्खा भाऊ. त्याचा अर्थ नुसता प्रवास. प्राणी त्यात नंतर आले.

मुंबईहून नैरोबी सहा तासांवर. तिथून उत्तरेला थिका, कराटिना असं करत नान्युकी. नान्युकीजवळ विषुववृत्ताची पाटी आहे. तिथली मुलं पाण्याचं भांडं घेऊन रेषेच्या अलीकडे पाणी एका दिशेने आणि पलीकडे उलट दिशेने फिरतं ते दाखवतात. खरं तर एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसत नाही, तो पाणी ओतण्यातल्या हाताचा गुण आहे. पण त्या मुलाने ते इतक्या सफाईने केलं की आम्ही दोघांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

ओल पेजेटात मला दोघींना भेटायचं होतं. नाजिन आणि फातू, आई आणि मुलगी. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात या दोघीच उरल्या आहेत. २००९ च्या डिसेंबरात त्यांना चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयातून इथे आणलं. त्यांच्याबरोबर आलेला सुदान हा शेवटचा नर, १९ मार्च २०१८ ला गेला. आम्ही गाडीतून बघत होतो तेव्हा दोघी एकमेकींना खेटून चरत होत्या. त्या तोंड वर करत नव्हत्या, गवत ओढल्याचा करकर आवाज तेवढा येत होता. थोड्या अंतरावर बंदूक घेतलेला पहारेकरी. हा पहारा चोवीस तास असतो. फातूची बीजांडं आणि साठवलेलं वीर्य यांच्यातून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या पोटात वाढवायचे प्रयत्न चालू आहेत. मी तिथे वीस मिनिटं उभी होते. नवऱ्याने कॅमेरा खाली ठेवला होता. परतताना आम्ही फारसं बोललो नाही.

लेवाची गोष्टही गेंड्यांपासूनच सुरू होते. १९७० च्या सुमारास केनियात अंदाजे वीस हजार काळे गेंडे होते. शिंगासाठी इतकी शिकार झाली की १९८० च्या दशकाअखेर चारशेही उरले नाहीत. शिंग म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच केराटिन. ॲना मर्झ नावाच्या बाईंनी १९८३ मध्ये क्रेग कुटुंबाच्या गुरांच्या कुरणातल्या पाच हजार एकरांवर गेंड्यांसाठी आसरा केला. पुढे १९९५ मध्ये सगळं कुरणच संरक्षित क्षेत्र झालं, बासष्ट हजार एकर. शर्यत २००० साली सुरू झाली, लेवा आणि टस्क या संस्थेची मिळून. नोंदणीचे आणि देणग्यांचे पैसे वन्यजीव रक्षणाला जातात, तसेच आसपासच्या शाळा, दवाखाने, पाणीयोजना यांनाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. वाघ-बिबट्यांच्या शेजारी राहणाऱ्या गावांना काय मिळतं, हा प्रश्न आपल्याकडेही आहे.

आदल्या दिवशी तंबूत मुक्काम. पळणाऱ्यांसाठी माळावर तंबूंचं गावच वसवलेलं असतं. रात्री थंडी इतकी की मी दोन स्वेटर घालून झोपले. लांबवर तरस ओरडत होते. त्यांचा आवाज खालून वर चढत जातो, 'ऊऽऽप' असा, आणि तो ऐकल्यावर आपण कुठे झोपलोय हे पुरतं कळतं. पहाटे न्याहारीला 'उजी' होती, बाजरी-नाचणीसारख्या धान्याची पातळ, गरम पेज. चव घेतली आणि मी स्वयंपाक्याला विचारलं. तो म्हणाला, "विंबी." म्हणजे नाचणी. आईच्या हातची आंबील डोळ्यासमोर आली. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच, हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे आलेली. पळायच्या दिवशी नवं काही खायचं नाही हा माझा नियम, पण हे नवं नव्हतंच.

सूर्य उगवला आणि हेलिकॉप्टर मार्गावरून घिरट्या घालू लागलं. वाटेत आलेल्या जनावरांना ते हळूहळू लांब सारतं. सशस्त्र रेंजर मार्गाच्या कडेने उभे असतात. दक्षिणेला ५,१९९ मीटरचा माउंट केनिया, ढगांतून फक्त टोकं दिसत होती.

एकवीस किलोमीटरचा एक फेरा, अर्ध मॅरेथॉनवाल्यांना एकदा आणि आम्हाला दोनदा. पहिला फेरा म्हणजे जत्रा. पुढे केनियन धावपटू क्षणात दिसेनासे झाले. आम्ही मागे, शाळेतली पोरं, नैरोबीची ऑफिसातली मंडळी, जगभरचे हौशी. मी पाण्याच्या टेबलाजवळ थांबले की तिथली मुलं ओरडायची, "मामा! पोले पोले!" पोले पोले म्हणजे सावकाश. मामा म्हणजे आई, वयाने मोठ्या बाईला आदराने म्हणतात. पाच किलोमीटरपर्यंत मी दचकून आजूबाजूला कुणाचा मामा आहे ते बघत होते, नंतर मलाच तो हाक मारायचा मान गोड वाटू लागला. उजवीकडे लांब झेब्रे दिसले. हे ग्रेव्हीचे झेब्रे: पट्टे बारीक, पोट पांढरं, कान मोठे आणि गोल. जगात रानात तीन हजारांच्या आसपास उरलेत, आणि त्यातले दहा टक्क्यांहून जास्त एकट्या लेवात. साधा झेब्रा स्वाहिलीत 'पुंडा मिलिया', म्हणजे पट्ट्यांचं गाढव.

दुसऱ्या फेऱ्याला सुरुवात केली तेव्हा बहुतेक लोक थांबून गेलेले होते. दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, आणि माझ्या पुढे-मागे कुणी दिसेना. फक्त पायांचा मुरुमावरचा आवाज. एका लांबलचक चढावर मी चालायला लागले. पहिल्या फेऱ्यात तोच चढ मी पळत पार केला होता. आता श्वास पुरत नव्हता आणि मांड्या ओढल्यासारख्या झाल्या होत्या. चढाच्या वर एक रेंजर उभा होता. त्याने तळहात पुढे केला. "सुबिरी." थांबा.

मी थांबले. डावीकडे, दोनशे मीटरवर असेल, बाभळीच्या झुडपांतून एक काळी मोठी पाठ बाहेर आली. मागून एक छोटी. रेंजर हळूच म्हणाला, "किफारू. ना म्टोटो." गेंडा, आणि मूल. एवढं स्वाहिली मला येत होतं.

आमच्या मध्ये काच नव्हती, गाडीचं दार नव्हतं. मी घामाने भिजलेली, टोपी हातात. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, हे रेंजरने बोटाने दाखवलं, म्हणजे माझा वास तिकडे पोचत नव्हता. काळ्या गेंड्याची नजर कमजोर, पण कान आणि नाक तेज असतं. तिने मान वळवली, कान फिरवले, आणि पिल्लाला घेऊन पुढच्या झुडपांत शिरली. रस्ता ओलांडला नाही. घड्याळात साडेचार मिनिटं गेली होती. मला तेव्हा वेळेचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रेंजरने पुन्हा हाताने खूण केली, चला. मी त्याला "आसान्ते साना" म्हटलं, खूप आभार. मला गेंड्यापासून वाचवायला तो तिथे उभा होता, पण त्याचं रोजचं काम गेंड्याला माणसापासून वाचवायचं. नाजिन-फातूच्या शेजारचा पहारेकरी आणि हा, त्यांच्या अंगावर तोच हिरवा गणवेश, हातात तशीच बंदूक. उरलेले बारा किलोमीटर मी त्याच विचारात संपवले. पाच तास एक्केचाळीस मिनिटं. मुंबईत मी साडेचार तासांच्या जवळपास असते. शेवटच्या रेषेपाशी नवऱ्याने फोटो काढायच्या आधी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "रडतेस का?" हो, रडत होते.

दुसऱ्या दिवशी लँड क्रूझरमध्ये चढताना दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढावं लागलं. इसिओलो ओलांडून आर्चर्स पोस्टला पोचलो की माती लाल होते आणि हवा गरम. सांबुरूत एवासो न्यिरो नदी आहे, गढूळ तपकिरी पाण्याची, काठाने फांद्या फुटलेली डूम ताडाची झाडं. इथे उत्तरेकडचेच खास प्राणी दिसतात: जाळीदार नक्षीचा जिराफ, लांब सरळ शिंगांचा ओरिक्स, निळ्या मानेचा सोमाली शहामृग. गेरेनुक नावाचं सडपातळ हरीण मागच्या पायांवर सरळ उभं राहून उंच डहाळ्यांची पानं खातं. ते दिसलं तेव्हा मी छपराच्या उघड्या खिडकीतून उभी राहून बघत होते आणि माझे पाय थरथरत होते. ते किती वेळ तसं उभं राहू शकतं, याचं मला खरंच नवल वाटलं. नवऱ्याला सिंह दिसला, नदीकाठच्या सावलीत झोपलेला. तो अर्धा तास हलला नाही, आणि त्याला बघत राहिलेला माझा नवराही.

शेवटच्या संध्याकाळी हत्तींचं एक कुटुंब नदीकडे उतरताना दिसलं. बारा-तेरा असतील, मधे दोन लहान. आमचा चालक वळण घेऊन आणखी जवळ जायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, इथेच थांबवा आणि इंजिन बंद करा. त्याने केलं. मग नुसतं ऐकत बसलो: कानांचा फडफडाट, सोंडेतून सुटलेली हवा, ओल्या वाळूवर सरकणारं पाणी. एवढे मोठे प्राणी चालत होते, पण पावलांचा आवाज येत नव्हता.