शेवटचा एक बदल

काउंटरवर पिशवी ठेवून काका म्हणाले, "ड्राइव्ह गेलाय. तिसरा लॅपटॉप बदलून पाहिला, विंडोजही नवीन टाकलं. हे बघा."

यूएसबीचा डीव्हीडी रायटर, एक चार पोर्टांचा हब आणि बावीस डिस्क. हबला अ‍ॅडॅप्टर नव्हता, त्यावर माउस आणि पेनड्राइव्हही लावलेले. डिस्क घातली की घर्रकन फिरायला लागायची, दोन सेकंदांत आवाज मंदावायचा आणि विंडोजचा उपकरण जोडल्या-काढल्याचा टुंग-टुंग सुरू व्हायचा. असा आवाज आला की ड्राइव्ह उघडायच्या आधी करंट बघावा. बिनअ‍ॅडॅप्टरचा हब लॅपटॉपच्या एकाच पोर्टवर जगतो. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो आणि तेवढ्यातच सगळे वाटेकरी. मी ड्राइव्ह यूएसबी मीटरमधून थेट लॅपटॉपच्या ३.० पोर्टला लावला, तो २.० पेक्षा जास्त करंट देतो. डिस्क वेग घेताना आकडा क्षणभर १ अँपिअरच्या आसपास गेला, मग निम्म्याखाली उतरला. टुंग-टुंग बंद. (ज्यांच्याकडे फक्त २.० पोर्ट आहेत त्यांनी दोन तोंडांची वाय केबल घ्यावी. वेगासाठी ३.० लागत नाही: डीव्हीडी सिनेमाचा प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट असतो, २.० तो सहज पेलतो.)

इथे काम संपायला हवं होतं. पण अमेरिकेहून मुलीने आणलेली डिस्क व्हीएलसी या प्लेअरमध्ये टाकली तर चित्र चौकोनांत फुटलं आणि थांबलं. एक्स्प्लोररमध्ये मात्र व्हिडिओ_टीएस फोल्डर, आतल्या आयएफओ, व्हीओबी फायली सगळं नीट दिसत होतं. फायली दिसतात म्हणजे लेन्स वाचतेय. मग बहुतेक वेळा भानगड रीजनची असते, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी ते ठरवणाऱ्या आकड्याची. अमेरिकेचा १.

डिव्हाइस मॅनेजर उघडला, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डीव्हीडी रीजनचा टॅब. सध्याचा रीजन ५, म्हणजे आपला. खाली बदल शिल्लक: १.

काका चपापले. जुन्या लॅपटॉपवरच्या प्लेअरने प्रत्येक वेळी विचारलं, रीजन बदलू का, आणि यांनी प्रत्येक वेळी होय केलं. आधी १, मग ५, पुन्हा १, पुन्हा ५. चार संपले. पहिली निवड धरून एकूण पाच मिळतात, आणि ही मोजदाद लॅपटॉपमध्ये नसते, ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. म्हणून तीन लॅपटॉप आणि नवं विंडोज, सगळं वाया. पाचवा बदल झाला की तो रीजन कायमचा.

म्हणून आधी डिस्क मोजायला बसलो. प्रत्येक कव्हरच्या मागे पृथ्वीच्या गोलावर छोटा आकडा असतो, चष्मा लावून पाहावा लागतो. तेरा डिस्कवर १. तीनवर ५, या इथे छापलेल्या हॉलिवुडच्या. पाचवर ऑल, सगळे हिंदी-मराठी सिनेमे. आपल्याकडच्या खूपशा भारतीय सिनेमांच्या डीव्हीडींना रीजनच नसतो, त्या कुठेही लागतात, हे लोकांना माहीत नसतं. "आपण भारतात राहतो, मग ५ ठेवायचा ना?" असं काका म्हणत होते. गंमत अशी की भारतात राहूनही यांच्यासाठी १ च बरा. एनटीएससी की पाल (अमेरिकेची आणि आपली टीव्ही-चित्राची पद्धत), ही काळजी लॅपटॉपवर करायची गरज नाही, ती जुन्या टीव्हीची.

बाविसावी डिस्क निळ्या डबीतली होती. तिच्यापुढे हा ड्राइव्ह काहीच करू शकत नाही: ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेझर लागतो, डीव्हीडीचा तांबडा ६५० चा. फिरवून फिरवून सोडून देतो. करंट कितीही द्या.

बदल करायला ड्राइव्हमध्ये त्याच रीजनची डिस्क असावी लागते, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क. नाहीतर विंडोज नकार देतं. तेरांतली सर्वांत कमी ओरखड्यांची निवडली. मधल्या चकतीला तीन बारीक दाते असतात, त्यावर डिस्क बोटांनी दाबून टक् असा आवाज येईपर्यंत बसवावी लागते. नुसती ठेवून ट्रे ढकलला तर ती आत घासते.

"काका, आता ओके दाबलं की परत फिरता येणार नाही."

"दाबा."

शिल्लक: ०. मेनू लगेच आला. ड्राइव्हच्या झाकणावर मार्करने मोठा १ लिहून दिला. ५ वाल्या तीन डिस्क वेगळ्या रबरबँडमध्ये बांधल्या, घरी टीव्हीखाली जुना प्लेअर आहे म्हणाले. हब मात्र परत नेला, माउससाठी.